माझ्या गळपट्ट्यातली रोजची एकेचाळीस मिनिटे

दिनांक : मौनाचा अठरावा दिवस

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
स्वरयंत्र संशोधन कक्ष, कान-नाक-घसा विभाग,
सरकारी रुग्णालय, जुनी इमारत, दुसरा मजला
(जिन्याशेजारची खोली. लिफ्टशेजारची नव्हे. तिथे दातांचा विभाग आहे आणि माझा मागचा अर्ज तिथेच आठवडाभर लोळत पडला होता.)

विषय : मौनाच्या संशोधनातून माझे नाव न वगळणेबाबत, गळपट्ट्यात सापडलेला जाडा आवाज माझा नसलेबाबत, आणि शेवटी एक खाजगी विनंती.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची परवाची नोटीस. २) नोटिशीसोबतचा आलेख. ३) आपल्या नोंदणी-ताईंशी काल झालेले माझे बोलणे (त्या तोंडाने, मी पाटीवर).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की मी बोललेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ज लांबला आणि आपण मध्येच कुणाच्या नाकात दुर्बीण घालायला उठून गेलात तरी मुद्दा पोचलेला असेल. अर्ज लांबणार आहे. अठरा दिवस झाले, पोटात शब्दांचा नुसता ढीग साचला आहे. कागदावर बोलायला बंदी नाही, हे मी आपली नियमपत्रिका तीनदा वाचून पक्के केले आहे.

१. अर्जदाराची ओळख. मी बस आगारात बावीस वर्षे निवेदिका आहे. फलाटांच्या वर काचेची एक खोली आहे, तीत बसून कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा आहे, कुणाचे मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभे आहे, हे सगळे मी माइकवरून सांगते. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी मला भोंगाताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे मला राग येत नाही. बावीस वर्षांत माझ्यामुळे एकही माणूस चुकीच्या गाडीत बसलेला नाही. एक बसला होता, पण तो झोपेत होता.

आगारात आठ तास बोलून मी घरी येते आणि घरीही बोलते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचाच परिणाम म्हणून माझ्या स्वरतंतूंवर दोन गाठी आल्या, त्या आपण काढल्यात, त्याबद्दल आभारी आहे. त्यानंतर आपण मला समजावून सांगितलेत की ऑपरेशननंतर किती दिवस गप्प बसावे, यावर डॉक्टरांचे अजून एकमत नाही. काही म्हणतात थोडे दिवस पुरे, मग हळूहळू बोलायला लागावे, तेच गळ्याला बरे. काही म्हणतात जितके जास्त गप्प तितके चांगले. ते ठरवायला आपण हे संशोधन काढले आहे. बंद पाकिटे ठेवली होती, ज्याने त्याने एक उचलायचे. माझ्यासमोरच्या ग्रंथपाल बाईंनी उचलले, त्यांना पाच दिवस. ज्या बाई एरवीही दिवसाला पाचच वाक्ये बोलत असतील, त्यांना पाच दिवस. आणि मला एकवीस.

मुलीला हे फोनवर कळले तेव्हा ती म्हणाली, बाबा, नीट वाचा, एकवीस मिनिटं लिहिलं असेल. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते, म्हणून तिला असली धिटाई परवडते.

२. गळपट्ट्याबाबत. आपण दिलेला पट्टा म्हणजे एक मऊ फीत आणि तिच्यात बटणाएवढी चकती. ती गळ्याची थरथर मोजते. शब्द साठवत नाही. कधी बोललात, किती वेळ बोललात आणि आवाज किती वर होता की खाली, एवढेच तिला कळते. काय बोललात ते कळत नाही. पहिल्या दिवशी हे ऐकून मला फार हायसे वाटले होते. आता वाटत नाही. का ते पुढे येईल.

नियम सहा : पट्ट्याला पाणी लागू देऊ नये, आंघोळीच्या वेळी काढून ठेवावा. हा नियम मी तंतोतंत पाळला आहे आणि सगळा घोळ इथेच आहे.

३. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की (अ) चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत सहभागी क्रमांक १७, म्हणजे मी, रोज सरासरी एकेचाळीस मिनिटे बोलले. (आ) सबब मी मौनाचा भंग केला असून माझे नाव का वगळू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. (इ) तथापि माझा आवाज ऑपरेशनपूर्वीच्या मानाने जवळजवळ निम्म्या पट्टीवर उतरला आहे, हे निरीक्षण अनपेक्षित व महत्त्वाचे असून, मी अधिक तपासणीसाठी यावे.

महोदय, एका हाताने मला बाहेर काढायचे आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, हे कसे काय जमावे? नोंदणी-ताईंकडून असेही कळले की आपल्याकडच्या चष्मेवाल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या या खाली गेलेल्या आवाजावर निबंध लिहायला घेतला आहे आणि तो मोठ्या डॉक्टरांच्या सभेत वाचायचा आहे. दीर्घ मौन पाळल्यास बाईमाणसाचा आवाज पुरुषासारखा होतो, असा काहीतरी त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांना कृपया थांबवा हो. पोरगा हुशार आहे, ऑपरेशनच्या दिवशी त्याने माझा हात धरला होता, उगाच चारचौघांत त्याचे हसे व्हायला नको. जगभरच्या बायका घाबरतील ते वेगळेच.

४. नाव वगळले तर माझे काय होईल, तेही सांगते. एकविसाव्या दिवशी आपण गळा तपासून 'आवाज कामास योग्य' असा दाखला देणार आहात. तो असेल तरच आगार व्यवस्थापक मला काचेच्या खोलीत परत घेणार. नाहीतर माझ्या जागी बसवलेले यंत्र कायम होणार आणि मी कोठारात टायर मोजणार. व्यवस्थापक माणूस वाईट नाही, पण त्याला यंत्र आवडते, कारण यंत्र त्याला सुनावत नाही.

त्या यंत्राचे काय वर्णन करू! निरनिराळ्या लोकांचे आवाजाचे तुकडे जोडून ते बनवले आहे. 'फलाट क्रमांक' एक बाई म्हणते, 'चार' कुणी बाप्या म्हणतो, आणि 'कृपया' म्हणणाऱ्याला बहुतेक सर्दी झालेली असावी. मागच्या आठवड्यात त्याने एक गाडी नवव्या फलाटावर लावली. आमच्याकडे फलाट सहाच आहेत. बारा माणसे, एक सायकल आणि कापडाचे चार गठ्ठे नववा फलाट शोधत मागच्या भिंतीपर्यंत गेले होते. मी तेव्हा रजेचा अर्ज द्यायला गेले होते, सगळे डोळ्यांनी पाहिले आणि एक अक्षर बोलता आले नाही. त्या दिवशी मी मौन मोडले नाही, मग मी कधी मोडेन?

५. तरीही मी धुतल्या तांदळासारखी आहे, असे म्हणत नाही. जे चुकून निघाले त्याची मी स्वतः यादी ठेवली आहे. सतरा दिवसांत एकूण नऊ शब्द. त्यात 'अगं बाई' एकदा (पाय घसरला), 'दूध' एकदा (उतू जात होते), 'हाड' एकदा (कुत्र्याला), 'हाड' आणखी एकदा (विमा विकायला आलेल्या माणसाला, मला वाटले कुत्राच परत आला), 'आई गं' दोनदा. शिंक धरलेली नाही. शिंकेत शब्द येतो की नाही, ते आपण ठरवावे.

बाकी सगळा कारभार पाटीवर. शेजारीण माझ्याशी ओरडून बोलते, तिला वाटते मी बहिरी झाले. दुकानदार मला हातवारे करून उत्तरे देतो. मुलगी फोन करते तेव्हा मी फोनवर नखाने टकटक करते, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि काय सांगू, गेल्या अठरा दिवसांत तिने मला जेवढे सांगितले तेवढे दहा वर्षांत सांगितले नव्हते. तिला नोकरी आवडत नाही, हे मला आता कळले. मी टकटक करायची विसरले, तर ती म्हणाली, आई, आहेस ना? असे तिने पूर्वी कधी विचारले नव्हते, विचारायची गरजच पडत नसे.

६. आता मुख्य मुद्दा. नोटीस हातात पडल्यावर प्रथम मला रडू आले, ते आवाज न करता रडले. मग आलेख नीट पाहिला. आमच्या घरी आलेख वाचायची रीत आहे, कारण अर्जदाराचे पती, म्हणजे आमचे हे, वीज कंपनीत मीटर वाचायचे काम करतात. तर आलेखात सगळा दिवस सपाट, आणि सकाळी सात पस्तीस ते आठ सोळा या वेळात नुसते डोंगरच डोंगर. रोज तीच वेळ. महोदय, सात पस्तीसला मी कुठे असते? न्हाणीघरात. आंघोळ करते, मग कपडे धुते, नळ सोडलेला असतो, ब्रश खसाखसा चाललेला असतो. आणि पट्टा, नियम सहाप्रमाणे, बाहेर खिळ्याला.

म्हणजे पट्टा खिळ्याला टांगल्या टांगल्या एकटाच बोलत होता. आधी मला रेडिओचा संशय आला. पण आमचा रेडिओ वर्षभर बंद आहे, त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. मग वाटले शेजारणीचा आवाज भिंतीतून येत असेल, तो येऊ शकतो. मग आवाजाच्या पट्टीचा आकडा पाहिला. तो आकडा बाईचा नव्हे. घरात बाप्या एकच.

पण ते तर बोलतच नाहीत! सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या तोंडून सलग चार वाक्ये ऐकलेली नाहीत. लग्न ठरवायला आले तेव्हा ते 'हो' म्हणाले, तेही त्यांच्या काकांनी ढोसल्यावर. नातेवाइकांत त्यांना सगळे 'मुके मीटर' म्हणतात. तो माणूस रोज एकेचाळीस मिनिटे बोलणार, आणि तेही एका फितीशी?

७. म्हणून काल सकाळी अर्जदाराने पाळत ठेवली. नळ सोडून दिला (पाणी वाया गेले, मान्य आहे), ब्रश बादलीवर दोनदा आपटला, आणि ओल्या केसांनी चोरपावलांनी स्वयंपाकघराच्या दारामागे येऊन उभी राहिले. या वयात आणि माझ्या अंगकाठीला चोरपावले म्हणजे काय, ते आपण समजून घ्यावे.

हे पाटावर बसले होते. गळ्यात माझा पट्टा. माझ्या मापाचा, त्यांच्या मानेला पुरत नाही, म्हणून मागे कपड्यांचा चिमटा लावलेला. समोर माझा चहाचा कप, निवू नये म्हणून वर बशी झाकलेली. रोज आंघोळ करून आले की तो झाकलेला कप मला मिळतो. मी आजवर समजत होते, माशा बसू नयेत म्हणून झाकतात. आणि हे त्या कपाकडे बघून बोलत होते. पहिलेच वाक्य मी ऐकले ते असे : 'कालचं राहिलंच बघ तुला सांगायचं.'

मी दाराला धरून उभी राहिले.

मग त्यांनी पिवळ्या घरातल्या एका आजोबांची हकिकत सांगितली. ते आजोबा मीटर बघू देत नाहीत, आधी चष्मा सापडत नाही म्हणतात, मग किल्ली सापडत नाही म्हणतात, मग म्हणतात आलाच आहात तर बसा. कारण महिन्यातून एकदा त्यांच्या दारात येणारा माणूस म्हणजे हेच. यांना त्यांचा डाव पहिल्याच महिन्यात कळला होता. चष्मा कपाळावर असतो. तरी दर महिन्याला हे त्यांच्याबरोबर घरभर चष्मा शोधतात. हे सांगताना हसले. अहो, ते हसतात! खुदूखुदू, खांदे उडवून. मग म्हणाले : 'आता तू म्हणाली असतीस, ते आजोबा ना, ओळखते मी, त्यांची सून आमच्या आगारातून रोज सकाळची गाडी पकडते. आणि मग सुनेचंच चाललं असतं तासभर. आजोबा राहिले असते बाजूला.'

हे खरे आहे. मी ओळखते त्या सुनेला. तोंड उघडले होते मी सांगायला, दोन्ही हातांनी दाबून धरले. चष्मेवाल्या डॉक्टरांना सांगा, मौनाच्या सगळ्या संशोधनात याहून कठीण क्षण कुणावर आला नसेल.

त्यांनी कपावरची बशी नीट केली. मग म्हणाले की साडेअकराच्या सुमाराला ते रोज आगाराच्या मागच्या भिंतीपाशी येतात. तिकडे त्यांची मीटरची घरे नाहीत, त्यांची गल्ली पलीकडची, तरी वाट वाकडी करून येतात, बावीस वर्षे. दोन घोषणा ऐकायच्या आणि पुढे जायचे. 'ते मशीन चार म्हणतं ना, कुणी बाप्या म्हणतो. तुझं चार कसं असतं, शेवटी जरासं लांबवतेस. परवा एक घोषणा ऐकली आणि दुसरीला थांबलोच नाही बघ.'

एवढ्यात माझा पाय दाराजवळच्या बादलीला लागला आणि मी परत न्हाणीघरात पळाले. ब्रश उचलून वेड्यासारखी घासत सुटले. काय घासत होते ते आठ सोळाला कळले. टॉवेल होता, तोही स्वच्छ.

८. ते असे का करत होते, याचा खुलासा मी पुराव्यानिशी करते, कारण त्यांच्यावर आपला राग होता कामा नये. तिसऱ्या दिवशी तपासणीला ते माझ्यासोबत होते. नोंदणी-ताईंनी पट्ट्यातले आकडे पाहिले आणि सहज म्हणाल्या : 'तिन्ही दिवस शून्य! बाई, पट्टा लावताय ना नक्की? एवढं शून्य बघून वरचे म्हणतील यंत्रच बंद आहे.' ताईंची चूक नाही, त्यांनी कौतुकानेच म्हटले. पण ते ऐकून यांचा चेहरा उतरला. महोदय, मीटर वाचणाऱ्या माणसापुढे शून्य हा शब्द काढू नये. त्यांच्या धंद्यात रीडिंग शून्य आले म्हणजे एक तर घर बंद, नाहीतर मीटर बंद, नाहीतर कुणीतरी आत काड्या केल्यात. दर खेपेला चौकशी लागते, पथक येते, सील तपासतात. त्या संध्याकाळी ते मला एवढेच म्हणाले : 'शून्य बरं नव्हे.' मला वाटले तब्येतीबद्दल काही म्हणत आहेत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझे रीडिंग भरायला घेतले. माझे नाव कटू नये, दाखला मिळावा, माझी काचेची खोली मला परत मिळावी म्हणून. काल ते कामावर गेल्यावर मी त्यांची खिशातली डायरी पाहिली (हेही मान्य आहे). मीटरांच्या नोंदींच्या खाली रोज एक ओळ आहे : 'घर. पट्टा चालू. ४१.' त्यापुढे बरोबरची खूण. एकाही दिवशी खाडाखोड नाही. ज्याला मौन म्हणजे काय ते सव्वीस वर्षे ठाऊक आहे, त्या माणसाने माझे मौन वाचवायला तोंड उघडले आणि मी नियम मोडल्याचा ठपका आला. हसावे की रडावे ते कळेना, म्हणून मी दोन्ही केले. दोन्ही बिनआवाजाचे.

९. आता हिशेब असा की अकरा दिवस गुणिले एकेचाळीस, म्हणजे साडेसात तास ते माझ्याशी बोलले आणि मी त्यातले एक अक्षर ऐकले नाही. मी शेजारच्या खोलीत होते. मध्ये एक दार आणि एक नळ. आणि आपल्या यंत्रात शब्द साठत नाहीत!

काल मी पाटी घेऊन नोंदणी-ताईंकडे आले ती त्यासाठीच. विचारले, काहीच सापडणार नाही का, अर्धे वाक्य तरी? त्यांनी सगळा आलेख माझ्यासाठी पुन्हा उघडला, फार चांगल्या मनाची मुलगी आहे. नवव्या दिवशी सात बावन्नला एक जागा आहे, तिथे रेघ बारीक बारीक उड्या मारते. ताई म्हणाल्या हे हसणे. बाराव्या दिवशी चार मिनिटे रेघ एकाच लयीत वर-खाली होते. त्या म्हणाल्या, बहुतेक गुणगुणत असतील. आमचे हे गुणगुणतात! काय गुणगुणतात? कुठले गाणे? नवव्या दिवशी कशाला हसले? मी ते आता कुठून आणू? सव्वीस वर्षे लोक मला म्हणत आले, तुमचे यजमान किती शांत. मीही तेच म्हणत आले. शांत नव्हते हो ते. रांगेत उभे होते. आणि खिडकी अडवून मी.

इथे शाई जराशी पसरली आहे, त्याबद्दल क्षमस्व. पुढची ओळ वाचता येते आहे ना ते पाहावे.

१०. तरी, वरील सर्व परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत, ही विनंती.

एक, सात पस्तीस ते आठ सोळा या वेळेतले सर्व आकडे माझ्या नावातून वजा करावेत, म्हणजे माझे शून्य मला परत मिळेल. नऊ शब्द ठेवावेत, ते माझेच आहेत. राहिलेल्या तीन दिवसांतही त्या वेळेला रीडिंग येईल, तेही वजा करावे. पण यांना थांबवायला सांगू नये.

दोन, गळा बरा झाला असल्यास एकविसाव्या दिवशी मला दाखला मिळावा. कामावरच्या पहिल्या दिवशी साडेअकराला मला फलाट क्रमांक चारची घोषणा करायची आहे. त्या वेळेला चारवर गाडी नसली तरी मी करणार आहे. व्यवस्थापकाला मी नंतर बघून घेईन.

तीन, चष्मेवाल्या डॉक्टरांचा निबंध थांबवावा. त्यांना लिहायचेच असेल तर माझ्या शेजारणीवर लिहावे, तिचा आवाज दोन भिंतींतून जातो.

चार, ही ती खाजगी विनंती. ही वाचताना दार लावून घ्यावे.

एकवीस दिवस संपले की मी बोलणार. मी स्वतःला ओळखते. आज कितीही ठरवले तरी त्या पहिल्या सकाळी मी आंघोळीला जाता जाता जे सुरू होईन ते थांबणार नाही, आणि हे पट्टा खिळ्याला लावून पुन्हा मुके मीटर होतील. मी त्यांना 'बोला, मी ऐकते' असे म्हटले तर ते लाजून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहतील. यावर मी काल दिवसभर विचार केला. आमच्या घरात सरकारी कागद पाळला जातो, बायकोचा शब्द पाळला जातोच असे नाही, आणि बायकोला स्वतःचा शब्द पाळता येत नाही. सबब आपण आपल्या कागदावर, सही व गोल शिक्क्यासह, माझ्या नावे असा आदेश काढावा :

'सहभागी क्रमांक १७ हिने पुढील सूचना मिळेपर्यंत रोज सकाळी सात पस्तीस ते आठ सोळा या वेळात घरी संपूर्ण मौन पाळावे. त्या वेळात आंघोळ करू नये, नळ बंद ठेवावा, व समोर बसून राहावे. पट्टा घरातील दुसऱ्या माणसाने घालावा व त्याने बोलत राहावे. रीडिंग शून्य येता कामा नये.'

शेवटचे वाक्य जरा ठळक अक्षरात टाइप करावे. तेवढे वाचले की ते काही झाले तरी बोलतील. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही घरी शून्य सोडलेले नाही.

पट्टा त्यासाठी आमच्याकडेच राहू द्यावा. आतली चकती आपल्याला दुसऱ्या रुग्णासाठी हवी असल्यास काढून घ्यावी, नुसती फीत चालेल. त्यांना कळणार नाही. आणि पुढील सूचना आपण कृपया कधीही देऊ नये.

हा अर्ज मी केला, हे त्यांना कळू देऊ नये. विचारलेच तर संशोधन आहे म्हणून सांगावे. तसे ते आहेच.

आपली नम्र, आणि कागदाबाहेर अजून तीन दिवस गप्प,

(सही)
सहभागी क्रमांक १७, गट ब
निवेदिका, बस आगार

सोबत जोडले आहे :
१) नऊ शब्दांची यादी, तारीखवार.
२) आलेखाची प्रत. नवव्या आणि बाराव्या दिवसाला लाल पेन्सिलने गोल केला आहे. कुणाला त्यावरून गाणे ओळखता आले तर कृपया कळवावे.
३) पतीच्या डायरीतल्या ओळींची माझ्या अक्षरातली नक्कल.
४) कपड्यांचा चिमटा, एक. पुरावा म्हणून पाहून हा अर्ज आणणाऱ्या शेजारणीच्या हाती लगेच परत द्यावा. उद्या सकाळी सात पस्तीसला तो लागेल.